नोंदवही आहे, विचारणा हवी

लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची राष्ट्रीय नोंदवही केंद्रीय गृहखात्याने २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू केली. ती केवळ पोलिसांस पाहता येते, आणि हे योग्यच होय. अमेरिकेत १९९६ च्या ‘मेगन’ कायद्याने अशी नावे लोकांपुढे ठेवली. परंतु गुन्हेगार पुष्कळदा घरचाच असतो, आणि त्याचे नाव चव्हाट्यावर येताच अत्याचारित बालिकेचीही ओळख पटते. तथापि बंद नोंदवही विचारल्याविना बोलत नाही. मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कंत्राटी का असेना, पोलिसांकरवी वेळोवेळी पडताळणी करणे २०२० च्या पॉक्सो नियमांनी शाळांवर बंधनकारक केले आहे. म्हणूनच सांडोरच्या पालकांनी आपापल्या शाळेस स्पष्ट विचारावे : शिपायाची, बसचालकाची पडताळणी शेवटची केव्हा झाली?