पहिल्या रेडिएशनचा हिशेब कुणाकडे?

कॅन्सर परतला असे कळले की घरी भेटायला येणारा प्रत्येक जण एकच शब्द घेऊन येतो: हिंमत. हिंमत ठेवा, हिंमत हरू नका, अल्लाह हिंमत देईल. येणाऱ्यांच्या मायेबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या अम्मीकडे हिंमत आधीपासूनच भरपूर होती. नव्हती ती एक फाइल. दुसऱ्यांदा रेडिएशन घ्यायची वेळ आली तेव्हा सगळे गाडे त्या फाइलपाशी येऊन अडले.

अम्मीला २०१७ मध्ये डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. शस्त्रक्रिया, केमो आणि पाच आठवडे रेडिएशन असे सगळे रीतसर पार पडले. २०२४ मध्ये त्याच बाजूला, गळ्याजवळच्या हाडाच्या वरच्या खळग्यात, गाठ हाताला लागली. तपासणीत तोच कॅन्सर निघाला. आम्ही आता पुण्यात राहतो, म्हणून उपचार इथल्या रुग्णालयात घ्यायचे ठरले. रेडिएशनच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मागच्या वेळी नेमके कुठे आणि किती दिले होते?"

हा प्रश्न का महत्त्वाचा, हे आम्हाला त्यांनीच समजावले. रेडिएशनची मात्रा ग्रे या एककात मोजतात. प्रत्येक अवयवाची मात्रा सोसण्याची एक मर्यादा असते. मज्जारज्जूच्या बाबतीत, रोजच्या नेहमीच्या छोट्या मात्रांनी दिल्यास, डॉक्टर साधारण ४५ ते ५० ग्रेच्या पुढे जायला बिचकतात. वर्षे उलटली की पहिल्या मात्रेची थोडीफार भरपाई शरीर करते, पण ती पाटी कोरी होत नाही. अम्मीच्या गाठीची जागा तर आणखी अडचणीची होती. मानेतून हातात जाणाऱ्या नसांचा जुडगा त्याच भागातून जातो. त्याला जास्त मात्रा झाली तर हात बधिर होऊ शकतो, हाताचे बळ जाऊ शकते, आणि हे कधी कधी काही वर्षांनी उघड होते. तेव्हा फारसा इलाज उरलेला नसतो. अम्मी तीस वर्षे शिलाईकाम करते आहे. मशीनखाली कापड सरकवतो तो तिचा डावा हात.

आमच्याकडे होते ते एक जुने कार्ड. त्यावर एक ओळ: ५० ग्रे, २५ फ्रॅक्शन, सुरुवातीची आणि शेवटची तारीख. डॉक्टर म्हणाले, "यावरून किती दिले ते कळते. कुठे दिले ते कळत नाही." तो खळगा पहिल्या वेळच्या किरणांच्या क्षेत्रात होता की नव्हता? होता तर कोणत्या कोनातून, किती खोलवर? कार्ड गप्प होते.

माझा भाऊ पहिल्या रुग्णालयात तीनदा जाऊन आला. रेकॉर्ड रूममध्ये सांगितले की आम्ही तीन वर्षांचेच ठेवतो. रेडिएशन विभागात सांगितले की ते मशीन बदलले, जुन्या कॉम्प्युटरमधले बॅकअपमध्ये असेल, बघतो. तिसऱ्या वेळी एका कर्मचाऱ्याने प्रामाणिकपणे विचारले, "पण तुम्हाला ते उघडता येणार नाही, मग हवे कशाला?"

हे वाक्य मला फार लागले, कारण फाइली उघडणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. रेडिएशनची योजना कॉम्प्युटरवर तयार होते. रुग्णाचा सीटी स्कॅन, त्यावर आखलेले अवयव, किरणांची दिशा आणि शरीरात कुठे किती मात्रा पडेल याचा नकाशा, असे तिचे चार भाग असतात. ते साठवण्यासाठी डायकॉम नावाचा जागतिक प्रमाण नमुना आहे आणि त्यात रेडिएशनसाठीच्या फाइलींची सोय १९९० च्या दशकापासून आहे. एका कंपनीच्या मशीनवर केलेली योजना दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर वाचता यावी, हाच त्यामागचा हेतू. अशी एका रुग्णाची सगळी माहिती साध्या पेन ड्राइव्हवर मावते. लग्नाचा व्हिडिओ याहून जास्त जागा खातो. ती मी उघडायची नाहीच, पुढच्या डॉक्टरांनी उघडायची आहे. मी फक्त कपाटात जपून ठेवायची आहे, घराच्या कागदपत्रांसारखी.

कायदा काय म्हणतो, तेही पाहिले. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावीत, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावीत. ७२ तासांची ही तरतूद बहुतेक रुग्णांना ठाऊकच नसते. पण त्याच नियमात कागद जपण्याविषयी शब्द आहे तो 'इनडोअर' म्हणजे दाखल रुग्णांसाठी. रेडिएशन घेणारा रुग्ण तर बहुधा दाखल नसतोच. तो रोज सकाळी येतो, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर पडतो आणि बस पकडतो. शिवाय स्तनाचा कॅन्सर पाच, सात, दहा वर्षांनीही परततो. ज्या आजाराची आठवण इतकी लांब, त्याच्या कागदांना तीन वर्षांचे आयुष्य कसे पुरेल?

रुग्णालयांचीही बाजू आहे, ती मी नाकारत नाही. सरकारी आणि धर्मादाय ठिकाणी एका मशीनवर दिवसभर रांग असते, माणसे कमी असतात, जुना डेटा सांभाळायला पैसे लागतात. रुग्ण पेन ड्राइव्ह हरवेल, खासगी माहिती कुणाच्या हाती पडेल, ही भीतीही खोटी नाही. पण म्हणूनच तर दोन प्रती हव्यात, एक त्यांच्याकडे आणि एक आपल्याकडे. आपल्या देशात आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून चालू आहे, आभा क्रमांक वाटले जात आहेत. अम्मीचाही चौदा आकडी क्रमांक आहे. त्या खात्यात तिच्या रेडिएशनचे एक अक्षर नव्हते. माझी मागणी साधी आहे. रेडिएशनच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक रुग्णाला, तो न मागता, छापील सारांश आणि योजनेच्या फाइली मिळाल्या पाहिजेत, आणि रुग्णालयाने आपली प्रत रुग्ण हयात असेपर्यंत सांभाळली पाहिजे. सारांशात फक्त आकडा नको. कोणती बाजू, कोणता भाग, गळ्याजवळच्या गाठींचा भाग धरला होता का, हे सगळे हवे.

आमचे काम शेवटी कसे भागले ते सांगते. पहिल्या वेळी नेम धरण्यासाठी अम्मीच्या छातीवर गोंदणाचे बारीक ठिपके काढले होते. ते अजून होते. पुण्याच्या रुग्णालयातील मेडिकल फिजिसिस्ट बाईंनी ते मोजून, त्या काळच्या रूढ पद्धतीवरून जुन्या क्षेत्राची सीमा अंदाजाने आखली. अंदाज सुरक्षिततेच्या बाजूने धरावा लागला, म्हणून नवी मात्रा डॉक्टरांच्या मनात होती त्यापेक्षा थोडी कमी ठेवली. हात वाचावा म्हणून. ही कमी केलेली मात्रा गाठीला पुरली का, हा प्रश्न आमच्या घरात अजून आहे.

बाकीच्या तयारीत काही फार मोठे नाही, पण कुणी आधी सांगितले तर बरे. सिम्युलेशनच्या दिवशी गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी मान आणि खांद्यांवर बसवतात. थंड झाली की ती कडक होते आणि रोज त्याच जाळीत निजावे लागते. अम्मीचा पहिल्या दिवशी जीव घाबरा झाला. खोलीत कॅमेरा आणि माइक असतो, हात हलवला तर लगेच थांबवतात, हे टेक्निशियनने तिला दाखवले तेव्हा ती शांत झाली. मग ती घरी रोज उशी न घेता, न हलता वीस मिनिटे जमिनीवर पडून राहायचा सराव करू लागली. पुढून उघडणारे मलमलचे चार सैल कुर्ते तिने स्वतःच शिवले. चादर मागता येते, स्त्री टेक्निशियन आहे का हे विचारता येते. विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही.

किरण लागताना काहीच कळत नाही. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. तिची कातडी काळवंडली, गळ्याशी आग होऊ लागली. पावडर, अत्तर, गरम शेक सगळे बंद, आणि मलम फक्त डॉक्टरांनी दिलेले. घास गिळताना दुखू लागल्यावर आम्ही खिमट, दहीभात आणि पातळ खिचडा यांवर आलो. थकवा तर संपल्यावरही दोन-तीन आठवडे टिकला. लोकांना वाटते रेडिएशन संपले म्हणजे बाई दुसऱ्या दिवशी कामाला लागेल.

एका नातेवाईक बाईंनी माझ्या भाचीला अम्मीच्या मांडीवर बसू दिले नाही, "किरण लागतील" म्हणून. बाहेरच्या मशीनमधून दिलेल्या रेडिएशननंतर शरीरात काही शिल्लक राहत नाही. किरणोत्सारी औषध पोटात देतात किंवा शरीरात ठेवतात त्या उपचारांचे नियम वेगळे असतात, ते डॉक्टर सांगतात. एरवी नातवंडांना लांब ठेवणे म्हणजे आजारी बाईला विनाकारण दिलेली शिक्षा आहे. आमच्या डॉक्टरांनी हे त्या बाईंना फोनवर सांगितले, तेव्हा कुठे पटले. माझे शिक्षण त्या कामी आले नाही.

पैशांबद्दल थोडेसे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशनचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, कारण मंजुरी उपचाराआधी लागते.

पंचविसाव्या दिवशी अम्मीने त्या जाळीला हात लावून सलाम केला आणि आम्ही फिजिसिस्ट बाईंच्या खोलीत गेलो. योजनेच्या फाइली हव्यात, असे सांगितले. अशा अर्जाचा छापील नमुना त्यांच्याकडे नव्हता, कारण आजवर रुग्णाने कधी मागितल्याच नव्हत्या. मी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, अम्मीने डाव्या हाताने कागद धरून उजव्या हाताने सही केली. दोन दिवसांनी पेन ड्राइव्ह मिळाला. एक प्रत घरी कपाटात आहे आणि एक भावाकडे मिरजेला.