टोपणनाव कुणाचं?

मोडनिंबच्या एखाद्या मैदानावर ‘ए पिंट्या!’ अशी हाक मारली, तर किती माना वळतील? दोन तरी नक्कीच! मग एक होतो ‘स्टेशनजवळचा पिंट्या’, दुसरा ‘पेठेतला पिंट्या’. मिटलं भांडण!

संगणकालाही हाच पेच पडला होता बरं का! १९८८ साली फिनलंडच्या यार्को ओइकारिनेनने ‘आयआरसी’ ही संगणकावरून गप्पा मारायची सोय केली. तिथं एक टोपणनाव एका वेळी एकालाच. नाव आधीच कुणी घेतलं असेल, तर ‘४३३’ असा निरोप येतो. गप्पा मारणारा प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, मग रुसत नाही. नावाच्या शेवटी एक आडवी रेघ जोडतो नि पुन्हा विचारतो, ‘हे चालेल?’

पण मधली जोडणी तुटून दोन्हीकडे एकेक पिंट्या आला तर? १९९३ च्या नियमांत, जोडणी जुळताच दोघांनाही बाहेर काढायचं! हा कसला न्याय? पुढं बऱ्याच ठिकाणी, जो आधी आला त्याचं नाव राखायची रीत पडली.

तुमच्या वर्गात दुसरा पिंट्या आला तर? ‘जाड्या’, ‘काळ्या’ असलं काही त्याला चिकटवू नका. ‘तुला काय म्हणू रे?’ असं त्यालाच विचारा. बॉटसुद्धा विचारतो की!