परक्याच्या कोंबडीला महाल, घरच्या कोंबडीला काळकोठडी!

गेल्या पावसाळ्यांत करवीर तालुक्यांतील एका शेतकऱ्याच्या घरीं आमचें जाणें झालें. सकाळची वेळ होती. घरांतील वृद्ध आक्का खुराड्यापुढें बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर सहा कोंबड्या मरून पडल्या होत्या. सातवी नाहींशी झाली होती. रात्रीं रानमांजर शिरलें, एक घेऊन गेलें व बाकीच्यांचीं नरडीं फोडून टाकून गेलें. खुराडें तें कसलें! गोठ्याच्या कोपऱ्यांत दगडमातीचें, गुडघ्याएवढें उंच, त्याला एकच तोंड आणि तोंडावर लावावयास एक धोंडा. त्या रात्रीं धोंडा नीट बसला नव्हता. आक्का म्हणाल्या, "काय करायचं बाबा, नशिबातच न्हवत्या."

मग आम्ही मागें परड्यांत गेलों. तेथें सिमेंटच्या जोत्याची, पत्र्याच्या छपराची, चारी बाजूंस बारीक जाळी ठोकलेली लांबलचक शेड उभी होती. आंत एकहि कोंबडी नव्हती. शेणकुटें रचलीं होतीं. ही शेड सन २०१८ सालीं थोरल्या चिरंजीवांनीं कर्ज काढून बांधली. घरच्या कोंबड्यांकरितां नव्हे, कंपनीच्या कोंबड्यांकरितां! ह्या दोन इमारतींमध्यें पंचवीस पावलांचें अंतर होतें. त्या पंचवीस पावलांत आमच्या बहुजनसमाजाच्या दैन्याची जेवढी हकीकत भरली आहे तेवढी मोठमोठ्या अहवालांत सांपडावयाची नाहीं.

कंपनीची ती कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. कडकनाथ ही काळी कोंबडी मध्यप्रदेशांतील झाबुआकडच्या भिल्ल-भिलाल्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगणांत राखलेली. तिच्या काळ्या मांसास सन २०१८ सालीं झाबुआच्या नांवानें भौगोलिक मानांकन मिळालें, आणि त्याच सुमारास आमच्या इकडील शेटजींस शेतकऱ्याचा कळवळा आला. पैसे भरा, पिलें न्या, शेड बांधा. खाद्य आम्ही देऊं, अंडीं आम्ही उचलूं, पक्षी आम्हीच विकत घेऊं! इस्लामपुरच्या एका कंपनीच्या ह्या बोलण्यास सांगली, सातारा, कोल्हापूर इकडील घरेंच्या घरें भुललीं. कोणीं दागिना मोडला, कोणीं सोसायटी काढली. शेतकरी वाचावयास शिकला खरा, पण करारावरील बारीक अक्षर अजून त्याच्या डोळ्यांस दिसत नाहीं. सन २०१९ सालीं खाद्य येईनासें झालें, अंडीं उचलावयास कोणी येईना आणि कचेरीस कुलूप लागलें. परड्यापरड्यांतून भुकेलेल्या कोंबड्या एकमेकींस टोंचून रक्तबंबाळ करूं लागल्या. त्या सप्टेंबरांत मुख्यमंत्र्यांची यात्रा सांगली जिल्ह्यांतून जात असतां संतापलेल्या कार्यकर्त्यांनीं तिच्या वाटेवर कडकनाथ कोंबड्या फेंकल्या. झाबुआच्या गरिबानें जें जपलें त्याचें शेटजीनें आमिष केलें आणि आमचा गरीब त्या गळाला लागला.

लबाडांस शिव्या देणें सोपें आहे, व त्या दिल्याच पाहिजेत. परंतु आज आम्हांस आमच्या बांधवांसच एक प्रश्न विचारावयाचा आहे. परक्याची कोंबडी येणार म्हणतांच जाळी कशी सुचली? जोतें उंच हवें, वारा खेळता हवा, खालची जमीन कोरडी हवी, लस वेळेवर टोंचली पाहिजे, हें सारें शहाणपण एका रात्रींत कोठून आलें? आणि घरच्या कोंबडीपाशीं येतांच तें कोठें पळून जातें?

आमच्या मतें ह्याचें मूळ खुराड्यांत नसून डोक्यांत आहे. गाय ही माता, तिच्या शेणामुताचेंहि माहात्म्य. आणि कोंबडी मात्र उकिरडा उकरणारी, विटाळ करणारी! ज्यांनीं जन्मांत कोंबडी पाळली नाहीं त्यांनीं हें ठरविलें, आणि ज्यांचें मीठमिरचीचें सामान कोंबडीवर येतें त्यांनीं तें मुकाट्यानें मानलें. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लिहिलें आहे कीं गांवठी कोंबडा जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो. गंमत अशी कीं त्याच श्लोकांत कांदा व लसूणहि बसविले आहेत. कांदा-लसूण केव्हांच सोंवळें ओलांडून शास्त्र्यांच्या फोडणींत जाऊन पडले. कोंबडी बिचारी अजून बाहेरच उभी! आणि आम्ही, जे कोंबडी पाळतों, खातों आणि विकतों, आम्हीहि तिला परक्याच्या डोळ्यांनीं पाहतों. हलका जीव, त्याला हलकी जागा.

हें सारें जुनें झालें असें कोणी म्हणेल. मग ऐका. सन २०२३ च्या नोव्हेंबरांत सरकारनें शाळेंतील मुलांस आठवड्यांतून एक वेळ अंडें देण्याचें ठरविलें. सक्ति कोणावर नव्हती. न खाणाऱ्या मुलास केळें मिळणार होतें. तरी सोंवळ्याच्या कैवाऱ्यांनीं आरडाओरड केलीच. पुढें सन २०२५ च्या जानेवारींत सरकारनें अंड्याकरितां वेगळा पैसा देणें बंद केलें, आणि द्यावयाचेंच असेल तर शाळांनीं लोकवर्गणी काढावी असें सांगितलें. ज्याच्या घरीं दुधातुपाची वाण नाहीं त्या मुलाचें ह्यांत काय गेलें? गेलें तें शेतमजुराच्या, कुंभाराच्या, मांगाच्या पोराच्या ताटांतलें. आतां त्याच्या पानांत अंडें पडावयाचें तर तें आईच्या खुराड्यांतूनच पडेल.

शिवाय कोंबडी ही बायकांची पेढी आहे. उसाचें बिल मालकाच्या नांवावर जमा होतें व त्यांतून सोसायटी आपलें कर्ज आधीं कापून घेते. दुधाचा हिशेब दूधसंस्थेच्या वहींत. अंड्याचा पैसा मात्र त्याच दिवशीं आक्कांच्या कनवटीस लागतो. त्यावर सोसायटीची वसुली नाहीं कीं मुलाची परवानगी नाहीं. आणि घरांतल्या कर्त्या पुरुषाला जाळी ठोकावयाची सवड नसते ती ह्याच पेढीला!

आतां रोगाकडे वळूं. मानमोडी आली कीं आठ-दहा दिवसांत वस्ती ओस पडते. कोंबडी पेंगते, हिरवी हगवण लागते, मान पिळवटते, संपलें. मग कोणी म्हणतो करणी, कोणी म्हणतो मरीआईचा कोप. ह्या रोगाची ओळख सन १९२६ सालीं विलायतेंत न्यूकॅसल शहरीं पटली, आणि त्यानंतर लवकरच आपल्या देशांत कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत येथें तो सांपडला. म्हणून ह्याचें नांव राणीखेत. मरीआई न्यूकॅसलला कशाला जाईल? हा हवेनें, विष्ठेनें, भांड्यापायतणानें पसरणारा संसर्ग आहे आणि त्याला पसरविणारे बहुधा आम्हीच असतों. पहिली कोंबडी पेंगली कीं उरलेल्या डालग्यांत घालून आम्ही बाजार गांठतों, आणि मेलेलीचीं पिसें-आंतडीं उकिरड्यावर फेंकतों. पूर्वीं मरीआईचा गाडा शेजारच्या गांवच्या शिवेंत लोटीत असत. आतां तोच गाडा आम्ही एस्.टी.नें नेतों, एवढाच फरक!

औषध नाहीं असें नव्हे. पुण्यास औंध येथील सरकारी संस्थेंत जनावरांच्या व पक्ष्यांच्या लसी तयार होतात. पिलूं पांच-सात दिवसांचें असतां डोळ्यांत किंवा नाकांत एक थेंब, व सहा ते आठ आठवड्यांचें झालें कीं टोंचणी, एवढेंच काम. मग अडतें कोठें? लसीच्या एका कुपींत शंभर-दोनशें पक्ष्यांचा डोस असतो. ती बर्फांतून आणावी लागते व एकदां पाणी घालून कालवली कीं दोन तासांच्या आंत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची बाई ती कुपी एकटी कशी फोडील? डॉक्टर म्हणतो गिऱ्हाइकें आणा, बाई म्हणते डॉक्टर येत नाहीं, आणि दोघांच्या मध्यें कोंबड्या मरतात. एका आळीनें एक दिवस ठरवावा. मराठ्याची, कुंभाराची, महाराची, मुसलमानाची, सगळ्यांची कोंबडी त्या दिवशीं पहाटे खुराड्यांतच कोंडून ठेवावी व एका कुपींत सारी वस्ती उरकावी. एका घरची सोडली तर रोग त्याच घरांतून परत येईल. कोंबडीचा रोग जात विचारीत नाहीं. मात्र लस निरोगी पक्ष्यालाच टोंचावी. साथ घरांत शिरल्यावर धांवाधांव करणें व्यर्थ.

आणि खुराडें! दाजीपूरच्या रानांतला रानकोंबडा पहा. रात्र झाली कीं तो झाडाच्या फांदीवर चढून बसतो. उंच बसणें हा ह्या जातीचा स्वभाव. अंधारांत तिला दिसत नाहीं, म्हणून ती उंचावर निर्भय असते. आम्ही तिला जमिनीवर, ओल्या विष्ठेंत, बिनवाऱ्याच्या भोंकांत कोंबतों. त्या विष्ठेच्या उग्र वाफेनें माणसाचेहि डोळे चुरचुरतात, मग तिच्या छातीचें काय होत असेल? भिंतीच्या फटींतून रक्त पिणारे लाल किडे रात्रभर तिला खातात आणि सकाळीं आम्ही म्हणतों, अंडें कां देत नाहीं!

खुराडें जमिनीपासून दोन फूट उंच खांबांवर असावें. रात्रीपुरत्या निवाऱ्यास दर कोंबडीस एक चौरस फूट जागा पुरते, व बसावयास आडवी काठी, कोंबडीमागें एक वीत. खालीं बांबूच्या पट्ट्या असाव्या म्हणजे विष्ठा गळून पडेल; ती परसांतल्या वांग्यामिरचीस उत्तम खत. पाठीमागची बाजू पावसाच्या झडीकडे बंद, पुढची जाळीची, आणि जाळीचें भोंक अर्ध्या इंचाचें. बोटभर भोंकांतून साप व उंदीर येतो हें विसरूं नये. दाराला धोंडा नको, कडी हवी. सहा महिन्यांनीं आंतून चुना, आणि अंगणांत एका खोक्यांत चुलीची राख, ज्यांत लोळून कोंबडी आपल्या उवा स्वतःच झाडते. ह्यांत कंपनीचें काय आहे? पट्ट्या बुरुडाच्या, कडी लोहाराची, चौकट सुताराची, पाण्याचें परळ कुंभाराचें. कामाचा पैसा गांवांतच राहतो.

पश्चिमेकडे, गगनबावडा-राधानगरीच्या पावसांत, छपराची पागोळी तीन हात पुढें काढावी लागेल. पूर्वेकडे शिरोळ-हातकणंगल्याला भीति दुसरी आहे. सन २०१९ च्या ऑगस्टांत व पुन्हां सन २०२१ च्या जुलैंत कृष्णा-पंचगंगेचें पाणी घरांत शिरलें, तेव्हां लोकांनीं म्हशींचीं दावीं तोडलीं, पण धोंडा लावलेलें खुराडें तसेंच राहिलें. केंद्राच्या सन २०१५ ते २०२० च्या मदतीच्या नियमांत मेलेल्या कोंबडीस ५० रुपये, व एका घरास फार तर ५,००० रुपये, असा दर होता. पण वाहून गेलेल्या कोंबडीचें मढें पंचनाम्यास कोठून आणावें? नदीकांठच्यांनीं खुराडें उचलून माळ्यावर नेतां येईल असें हलकें, बांबूचें करावें. आणि कोंबड्यांची संख्या पावसाळ्यापूर्वीं ग्रामपंचायतींत लेखी देऊन पोंच घ्यावी.

आमच्यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं हे पत्रकर्ते आतां जत्रेचा कोंबडाहि बंद करणार. मुळींच नाहीं! आषाढांत पंचगंगेचें नवें पाणी टेंबलाईला वाहून घरोघर रस्सा उकळतो, त्यांत आमचाहि वाटा असतो. पण नवसाचा कोंबडा निरोगी लागतो हें ज्या घराला कळतें त्याला उरलेल्या नऊ कोंबड्याहि निरोगी ठेवतां आल्या पाहिजेत.

त्या दिवशीं आम्ही आक्कांस म्हटलें, "परड्यांतल्या शेडीची जाळी आणि दोन पत्रे काढा, सुताराला बोलवा, दोन दिवसांत खुराडें उभें राहील." आक्का बराच वेळ शेडीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढतो की. पण कर्ज अजून फिटलं न्हाई. बँकेचा साहेब आला आणि जाळी कुठं गेली म्हणला, तर?"

त्या साहेबाला आमच्याकडे पाठवा, आक्का. जाळी काढा.