फ्लेमिंगोला लाइक, गप्पीदासाला काडी!

फ्लेमिंगो आले की आपलं अख्खं फीड गुलाबी होतं. छानच आहे ते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. पण याच जिल्ह्यात, टिटवाळ्याच्या माळांवर आणि काळू नदीकाठच्या शेतांत दर हिवाळ्यात आणखी एक पाहुणा येतो. त्याची साधी स्टोरीही कुणी टाकत नाही. त्याचं नाव गप्पीदास.

चिमणीहून लहान, वजन जेमतेम १५ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या पावाहूनही हलका! सायबेरिया, मध्य आशिया आणि हिमालयात याची वीण होते. तिकडे थंडीत किडे मिळेनासे झाले की हा भारतात उतरतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परत निघतो. गवताच्या शेंड्यावर, नाहीतर कुंपणाच्या तारेवर शेपटी हलवत बसायचं, खाली किडा दिसला की झेप घ्यायची, पुन्हा शेंड्यावर. दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा त्याचा आवाज. इंग्रजीतलं ‘स्टोनचॅट’ हे नाव त्यावरूनच पडलं.

म्हणजे याला घनदाट जंगल नकोच. उंच काडी, मोकळी जमीन आणि भरपूर किडे, बस्स. नेमक्या अशाच जागेला आपण ‘पडीक’ म्हणतो. सरकारच्या ‘वेस्टलँड ॲटलस’मध्येही झुडपी माळरानं पडीक जमिनीतच मोजली जातात. एकदा पडीक म्हटलं की तिथे डेब्रिज टाकायला आणि काडी लावायला आपण मोकळे!

पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीने माळ पेटवले जातात, तेही ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. पक्षी उडून जाईल हो, पण किडे, अळ्या जळून जातात. आणि याच दिवसांत त्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. रिकाम्या पोटी हिमालय कसा ओलांडणार?

टिटवाळ्यात इमारती होऊच नयेत, असं माझं म्हणणं नाही. लोकलने कामावर जाणाऱ्या कित्येकांना परवडणारं घर इथेच मिळतं. पण जे माळ उरलेत, ते एप्रिलपर्यंत तरी पेटवू नयेत. नवं उद्यान करताना सगळीकडे लॉन न लावता एक कोपरा रानगवताला सोडावा. यात खर्च नाही, उलट बचतच आहे. गप्पीदासाला अभयारण्य नकोय. त्याचं गवत तेवढं उभं राहू द्या.