पाळण्यातला चेंडू

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मॅसिलन नावाचं गाव आहे, तिथे तेवढी वाट पाहायची पद्धत नाही. गावच्या इस्पितळात मुलगा जन्मला की वॉशिंग्टन हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे चाहते त्याच्या पाळण्यात छोटासा लंबगोल चेंडू ठेवून जात. पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा. (मुलींना काय मिळे, हे विचारायचं नाही.) गावातलं मोठं इस्पितळ 2018 साली बंद पडलं, फुटबॉलची हौस मात्र तशीच आहे.

वॉशिंग्टन हायस्कूल हे काही बड्यांचं खासगी विद्यालय नव्हे. बिनफीची, सार्वजनिक शाळा. गावाची लोकसंख्या जेमतेम 32 हजार, आणि शाळेच्या स्टेडियमची क्षमता 16 हजारांवर! म्हणजे सामन्याच्या रात्री अर्धं गाव मैदानात मावतं. संघाचं नाव टायगर्स, म्हणून वर्षानुवर्षं वाघाचा खराखुरा बछडाही सामन्याला आणत. शेजारच्या कॅन्टनच्या मॅकिन्ली हायस्कूलशी भांडण 1894 पासूनचं. ते सामन्यापुरतंच असतं म्हणतात, पण मला ते खरं वाटत नाही.

स्टेडियमला नाव आहे पॉल ब्राउन यांचं. ते याच शाळेचे विद्यार्थी, पुढे 1932 ते 1940 इथेच प्रशिक्षक. या काळात 80 सामने जिंकले, हरले फक्त 8. नंतर क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघाला त्यांच्याच आडनावावरून ‘ब्राउन्स’ म्हणू लागले. हा मनुष्य मूळचा मास्तर, आणि तो शेवटपर्यंत मास्तरच राहिला. दांडगट खेळाडूंना बाकांवर बसवून वह्या उघडायला लावायचा, डावपेच लिहून घ्यायला लावायचा आणि वर लेखी परीक्षा घ्यायचा.

इथवर सगळं गमतीचं. पण ‘गो टायगर्स!’ या 2001 सालच्या माहितीपटात या शाळेचा 1999 चा मोसम पाहताना माझं लक्ष वारंवार दुसरीकडे जात होतं. खेळाच्या जोडीला गावात आणखी एक लढत चालू होती, शाळेसाठी जादा कराची. ओहायोत शाळेचा मोठा खर्च घरांवरच्या स्थानिक करातून निघतो, आणि तो कर वाढवायचा तर लोकांचं मत घ्यावं लागतं. शिवाय 1976 च्या कायद्यानुसार घरांच्या किमती वाढल्या तरी मंजूर झालेल्या कराचं उत्पन्न बहुतांशी तेवढंच राहतं. मास्तरांचे पगार, बसचं इंधन, सगळं महागतं. शाळेच्या तिजोरीत येणारा आकडा हलत नाही. मग शाळेने दर काही वर्षांनी पुन्हा मतदारांच्या दारात उभं राहायचं. यातून श्रीमंत आणि गरीब गावांच्या शाळांत मोठी विषमता येते, म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये ही पद्धतच घटनाबाह्य ठरवली. पण घरपट्टीवरचं अवलंबित्व त्यानंतरही सुटलं नाही.

आपल्याकडे अनुदानासाठी शिक्षक आझाद मैदानात बसतात. निर्णय मात्र मंत्रालयात होतो. मॅसिलनमध्ये निर्णय शेजाऱ्याच्या हातात. पोलादाचे कारखाने आटलेल्या गावात पेन्शनवर दिवस काढणाऱ्या, नातवंडं दूर गेलेल्या म्हाताऱ्याने दुसऱ्यांच्या मुलांसाठी घरपट्टी का वाढवून घ्यावी? ‘नाही’ म्हणणाऱ्याला मी खलनायक ठरवणार नाही. पण त्या म्हाताऱ्याला शाळेशी बांधून ठेवणारी गोष्ट कोणती? बीजगणिताचा तास पाहायला तो कधी येत नाही. शुक्रवारी रात्री सामन्याला मात्र तो घोंगडी घेऊन आपल्या ठरलेल्या जागी बसतो. म्हणून ‘पोरांना खेळाचं वेड लावलंय, अभ्यासाचं काय’ ही आपली ठरलेली तक्रार मला इथे अपुरी वाटते. खेळाला अवास्तव महत्त्व आहेच. परंतु पैशाची व्यवस्थाच अशी आहे की शाळेला गावाच्या प्रेमावर जगावं लागतं, आणि प्रेम तर टायगर्सवर आहे.

2023 मध्ये संघाने राज्याचं विजेतेपद मिळवलं. बाद फेरीची पद्धत 1972 मध्ये सुरू झाल्यानंतरचं ते पहिलंच. गाव किती नाचलं असेल, सांगायला नको.

कराचं मतदान बहुधा असतं नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या मंगळवारी. कॅन्टनशी सामना साधारण त्याच सुमारास, नियमित मोसमाच्या शेवटी. शाळेचा हिशेबनीस सामन्याच्या दिवशी कोणासाठी ओरडत असेल?