हशाला जामीन कोण?

बँकेत वीस वर्षे कारकुनी केली की माणसाला एक खोड लागते. कोणी काही मागायला आला की तोंडातून पहिला प्रश्न निघतो, ‘जामीन कोण?’ परवा रात्री शिरूरच्या घरी टीव्हीपुढे जेवताना माझे तसेच झाले. पडद्यावर एक गडी लुगडे नेसून खेडवळ आजी झाला होता. ‘‘माजं पैसं आलं का रं?’’ एवढेच तो म्हणाला, तोच समोर मानाच्या खुर्च्यांवर बसलेली मंडळी हसून हसून कोलमडली. मी घास हातात धरून विचारले, ‘‘या हशाला जामीन कोण?’’

‘‘जेवा मुकाट्यानं, भाकरी गार होतेय,’’ आमची ही म्हणाली.

भाकरी घशाखाली गेली, प्रश्न गेला नाही. तसा मी कॉमर्सचा. बेरीज जुळली नाही तरी शांत झोप लागण्याचे शास्त्र म्हणजे तत्त्वज्ञान, अशी माझी समजूत. पण हा हिशेब साधा आहे. विनोद करणारा आपल्याकडे हशाचे कर्ज मागतो. आपण नाही म्हणू शकतो, यातच त्याची कसोटी. आता हसायला माणसे आधीच नेमून ठेवली, तर ते कर्ज राहिले कुठे? तो संचालकाने मेहुण्याला दिलेला जामीन झाला! अमेरिकेत चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने १९५०च्या दशकात हशाचे यंत्रच बनवले. कळ दाबली की हशा. त्यात साठवलेली माणसे वारली तरी हसतच राहिली. मुदत ठेव म्हणतात ती हीच. ठेवीदार गेला, व्याज चालू!

शिरूरहून दौंडच्या शाखेत जाताना आमची एसटी न्हावऱ्यावरून चौफुल्याला येते. तिथल्या कला केंद्रांच्या पाट्या दिसल्या की मला हटकून तमाशातला सोंगाड्या आठवतो. वगातल्या राजाची आणि प्रधानाची तो भर सभेत रेवडी उडवी आणि समोर गावची बडी धेंडे बसलेली असत. हशा आला तर आला, नाहीतर पाठीचे सालटे जायचे. म्हणजे जामीन कोण, तर त्याची स्वतःची पाठ! गवळणीतली मावशीही पुरुषच होई, तेव्हा लुगड्याला माझी हरकत नाही. पण ती मावशी कोणाचे ऐकून घेत नसे. वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले, तेव्हा दादा कोंडक्यांनी हाच सोंगाड्या शहरात नेऊन चालू राजकारणाला चिमटे काढले.

दुसरी रीत चिं. वि. जोशींची. हे गृहस्थ बडोद्याला पालीचे प्राध्यापक. त्यांनी चिमणरावाला स्वतःच्याच तोंडून स्वतःची फजिती सांगायला लावली. पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, तेव्हा सगळा पांढरपेशा महाराष्ट्र स्वतःलाच हसला. इथे जामीन सांगणारा स्वतः!

आमचे हेडकॅशियर म्हणतात, ‘‘दिवसभर नोटा मोजून डोकं उठतं. दोन घटका हसलो तर बिघडलं कुठं?’’

बिघडले ते आमच्याच काउंटरवर. एका वाडीवरून एक आजी निराधार पेन्शनीला आल्या. त्यांनी खिडकीत तोंड घालून विचारले, ‘‘माजं पैसं आलं का रं?’’ झाले! आमच्या नव्या पोऱ्याने टीव्हीतल्या आवाजात जसेच्या तसे उत्तर दिले, ‘‘न्हाई आलं गं बाय!’’ रांग खदखदली. हेडकॅशियर हसले. मी तर ठसका लागेपर्यंत हसलो. आजीही पदर तोंडाला लावून हसल्या. मग हळूच मला म्हणाल्या, ‘‘सायेब, काय झालं? माजं काय चुकलं का?’’

त्यांच्या त्या हसण्याला जामीन कोण होते, हे मला अजून सांगता आलेले नाही.

आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १९०० साली हसण्यावर पुस्तक लिहिले. हसताना काळीज क्षणभर बधिर व्हावे लागते, असे त्याचे म्हणणे. कबूल. दात काढतानाही हिरडी बधिर करतात, पण ती काही वेळाने ताळ्यावर येते. इथे उतार पडायच्या आत पडद्यावरून पुढचे इंजेक्शन तयार!

सगळ्यांना एका सुतळीत बांधायचे नाही. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’त किंवा २०१८पासूनच्या ‘हास्यजत्रे’त लहान गावांतून आलेले कलावंत स्वतःच्या गावाची, घराची गंमत करतात, तेव्हा मीही पोट धरून हसतो. तो त्यांचा स्वतःचा सातबारा आहे. खुशाल गहाण टाकावा. पण जी बाई स्टुडिओत नाही, जिला उलट बोलता येत नाही, तिचा सातबारा गहाण टाकून हशा उचलायचा, याला आमच्या खात्यात विनोद म्हणत नाहीत, अफरातफर म्हणतात. आणि घरी बसून हसणारे आपण काही नुसते खातेदार नव्हे. त्या कागदावर साक्षीदार म्हणून आपलीही सही असते.

पुढच्या महिन्यात आजी पुन्हा आल्या. पोऱ्या खाली मान घालून पासबुक छापत होता. मी खुर्ची दिली आणि म्हणालो, ‘‘आजी, मागच्या वेळी आमचं चुकलं.’’

आजींनी बोळके पसरले. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘त्या पोराला म्हनावं, माजा आवाज काढायचा आसंल तर आदी समदं दात काढून ये!’’

रांग फुटली. पोऱ्या लाल होऊन सगळ्यांत जास्त हसला. त्या हशावर मात्र मी काहीही न विचारता सही केली.