निजामाची हद्द पुसली गेली, पण तिचा हिशोब अजून मिटलेला नाही

लासलगाव म्हटलं की कांदा. पण लासलगावहून येवल्यामार्गे वैजापूरकडे निघालात, तर वाटेत तुम्ही एक जुनी सरहद्द ओलांडता. १९४८ पर्यंत अलीकडे मुंबई प्रांत होता आणि पलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. तिकडे चलन वेगळं (हाली सिक्का), जकात वेगळी. मनमाडपर्यंत ब्रॉडगेज आणि पुढं औरंगाबादकडे मीटरगेज, म्हणजे मनमाडला माल उतरवून पुन्हा भरायचा. हे रूळ एकसारखे व्हायला नव्वदचं दशक उजाडलं.

तुटलेला मुलूख जोडायला पैसा लागतो. १९९० ला जर्मनी एक झाली, त्यानंतर तिथल्या सरकारनं आयकरावर वेगळा अधिभार लावला. बहुतेक करदात्यांची त्यातून सुटका झाली थेट २०२१ मध्ये.

आपल्याकडे कर नव्हता, शब्द होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात ठरलं की निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा आणि मराठवाड्याकडे खास लक्ष द्यायचं. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. मराठवाडा बिनशर्त आला, असं आपण कौतुकानं सांगतो. पैशाच्या व्यवहारात बिनशर्त म्हणजे हातात वसुलीचा कागद नसणं.

शिवाय लोकसंख्येच्या प्रमाणात निधी दिला तरी दरी बुजत नाही, फार तर वाढायची थांबते. मागे राहिलेल्याला वाट्यापेक्षा जास्त द्यावं लागतं, आणि ते कुणाच्या तरी वाट्यातून जातं. तिथंच घोडं अडलं. १९८४ ला दांडेकर समितीनं राज्याचा अनुशेष, म्हणजे विकासातली थकबाकी, ३,१८६ कोटी रुपये काढला. त्यातला ६२ टक्क्यांहून जास्त विदर्भ-मराठवाड्याचा. दहा वर्षांनंतरच्या मोजणीत आकडा १४,००७ कोटींवर गेला. (मोजपट्टी बदलली होती हे खरं, पण दिशाही कळतेच.) विकास मंडळांची तरतूद संविधानात १९५६ पासून आहे. मंडळं आली १९९४ ला आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदतही संपली.

ही जुनी रेघ सगळ्यात ठळक दिसते ती पाण्यात. लासलगावच्याच निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला गोदावरीवर ब्रिटिश काळातला बंधारा आहे. त्याचे कालवे कोपरगाव, राहाता भागात गेले, तिथं ऊस आणि साखर कारखाने उभे राहिले. शेजारचं वैजापूर कोरडंच राहिलं, कारण निजामाच्या रानाला पाणी द्यायचं ब्रिटिशांना कारण नव्हतं. वैजापूर-गंगापूरसाठी सुमारे १२८ किलोमीटरचा एक्सप्रेस कालवा झाला, तो राज्य एक झाल्यावर कितीतरी वर्षांनी.

आता नियम असा की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ ला ८.६ टीएमसीचा आदेश निघाला आणि वाद सुप्रीम कोर्टात गेला. निफाडच्या शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. त्याची द्राक्षं, त्याचा कांदा याच पाण्यावर उभा आहे आणि भरपाई म्हणून त्याला काहीच मिळत नाही. जर्मनीत खर्च सगळ्या देशावर पसरला. इथं तो एका खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी आपसात भांडून भागवायचा आहे, आणि तोही नेमका दुष्काळाच्या वर्षी.